ज्यांना महागाई भत्ता नाही

माझी पेन्शन दर सहा महिन्यांनी आपोआप वाढते. त्यासाठी मी काहीही करत नाही. मोर्चा नाही, निवेदन नाही, कुणाच्या बंगल्यासमोर बसणं नाही. केंद्र सरकार महागाई भत्ता जाहीर करतं, राज्य जरा रेंगाळत मागोमाग येतं, आणि एक दिवस बँकेचा मेसेज येतो. आमच्या पेन्शनरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मग हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो. थकबाकी कुठल्या महिन्यात मिळणार यावर चार दिवस चर्चा चालते. चर्चा करणाऱ्यांत मीही असते.

मी एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका होते. नागपूर जिल्ह्यातच, पण शहराबाहेर. एसटीनं जाऊन-येऊन नोकरी केली. हुद्दा कागदावर कितीही बदलला तरी गावांत आम्ही मुख्यसेविका मॅडमच. माझ्या बीटमध्ये वीस-पंचवीस अंगणवाड्या, प्रत्येकीत एक सेविका आणि एक मदतनीस. म्हणजे पन्नासेक बाया काम करायच्या आणि मी ते काम तपासून सही करायची. सहीचा पगार मिळतो आणि कामाचा मिळत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच दिसलं होतं. पण तेव्हा वाटायचं, योजना नवी आहे, हळूहळू होईल. योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिची पन्नाशी उलटली.

आता आकडे. अंगणवाडी सेविकेच्या मानधनात केंद्राचा जो ठरलेला आकडा आहे, तो आहे ४,५०० रुपये. सप्टेंबर २०१८ मध्ये पंतप्रधानांनी तो ३,००० वरून ४,५०० केल्याचं जाहीर केलं, १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू झाला. मदतनीसचे १,५०० चे २,२५० झाले. हे मी डिसेंबर २०२५ सरताना लिहितेय आणि आकडा तिथंच आहे. ज्या वर्षी तो ठरला, त्या वर्षी जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ९ टक्के होता. जुलै २०२५ मध्ये तो ५८ टक्के झाला. कॅल्क्युलेटर काढून बसले. सेविकेच्या त्या ४,५०० ला आमच्यासारखाच भत्ता लागला असता, तर आज ते साडेसहा हजार झाले असते. नुसते जागेवर राहण्यासाठी. यात वाढ म्हणावी असं काहीच नाही.

त्यातही ४,५०० पूर्ण केंद्राचे नाहीत. खर्चाची वाटणी ६०:४० अशी आहे. म्हणजे दिल्लीहून २,७०० येतात, १,८०० राज्याचे, आणि वरचं जे काही मिळतं ते राज्य आपल्या खिशातून घालतं. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सेविकेचं एकूण मानधन १३,००० आणि मदतनीसचं ७,५०० झालं. कामाच्या निकषांवर मिळणारा प्रोत्साहन भत्ता वेगळा. लोक म्हणतात, केंद्राची योजना आहे. १३,००० मधले २,७०० ज्याचे, त्याची योजना? असो.

सगळ्यांना वाटतं की दुखणं कमी पैशाचं आहे. आहेच. पण त्याहून मोठं दुखणं असं की हे पैसे वाढायला कुठलाही नियम नाही. आमच्या पगाराचा कूलर नळाला जोडलेला असतो, पाणी उतरलं की फ्लोट खाली जातो आणि टाकी आपली आपण भरते. सेविकेचा कूलर बादलीनं भरायचा, आणि बादली भरून आणण्यासाठी तिला दरवेळी संपावर जावं लागतं.

आठवून पाहा. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा पाचाचे साडेसहा हजार झाले. २०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा संप, आणि ९ मार्चच्या अर्थसंकल्पात आमच्या नागपूरच्याच देवेंद्र फडणवीसांनी अर्थमंत्री म्हणून ८,३२५ चे १०,००० केले. मदतनीसचे ४,४२५ चे ५,५००. त्याच वर्षी ४ डिसेंबरला परत संप, तो जानेवारी संपेपर्यंत चालला. मग २०२४ ची वाढ, तिचं वर लिहिलंच आहे. संप, निवडणूक, संप, निवडणूक. मधल्या काळात तेल वाढलं, डाळ वाढली, पोराच्या कॉलेजची फी वाढली, तर तिनं काय करायचं? थांबायचं.

आणि २०१८ चा मार्च मी विसरू शकत नाही. याच बायांना सरकारनं मेस्मा लावला होता. अत्यावश्यक सेवेचा कायदा. म्हणजे संप केला तर कारवाई. नोकर म्हणून घ्यायला सरकार तयार नाही, पण काम थांबवलं तर राज्य थांबेल, इतक्या त्या महत्त्वाच्या! विधानसभेत गदारोळ झाला आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. आमच्या कार्यालयात तो जीआर वाचून एक वरिष्ठ लिपिक म्हणाले होते, "चला, कुठल्या तरी कायद्यात तर नाव आलं यांचं."

आमच्या मानेवाड्याच्या कॉलनीत सकाळी फिरायला येणाऱ्या एक काकू आहेत. स्वभावानं चांगल्या आहेत, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी रोज डबा पाठवायच्या. पण दर डिसेंबरात त्यांचा संताप होतो. हिवाळी अधिवेशन आलं की सीताबर्डीत जाणं मुश्किल, टेकडी रोड बंद, मॉरिस कॉलेजकडे वळू देत नाहीत, यशवंत स्टेडियमपासून नुसती माणसंच माणसं. "या बायांना कामं नाहीत का हो? मुलं टाकून इकडे नारे देत बसल्या," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, नागपूर कराराप्रमाणे सरकार वर्षातून एकदा आपल्या गावात येतं. भंडाऱ्याच्या, गडचिरोलीच्या बाईला मंत्रालय परवडत नाही. रात्रीच्या पॅसेंजरनं येते, दुपारी बॅरिकेडपाशी उन्हात बसते, संध्याकाळी परत. यंदा तर अधिवेशन आठवडाभरातच आटोपलं, म्हणजे बसायलाही दिवस कमी.

काकूंना त्या पुलाची आठवण करून दिली नाही, पण इथं लिहिते. सीताबर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून आपण रोज जातो, त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधानभवनाजवळ मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ गोवारी माणसं गेली. बाया आणि लेकरं त्यात पुष्कळ होती. नागपुरात मोर्चाला येणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. तरी ती येते, कारण दुसरा रस्ता कुणी ठेवलेलाच नाही.

काकूंचा दुसरा मुद्दा असा होता की काम तर चार-पाच तासांचं आहे. हा मुद्दा मी नोकरीत असल्यापासून ऐकतेय, साहेबांकडून, सरपंचांकडून, माझ्या घरच्यांकडूनही. म्हणून एका मदतनीस ताईचा दिवस सांगते. सेविकेबद्दल निदान पेपरात येतं. मदतनीसबद्दल कुणी बोलत नाही.

ही ताई विधवा. निवडीत विधवेला जास्तीचे गुण मिळतात, ते मिळून लागली. सकाळी केंद्र उघडायचं, झाडायचं, पाणी भरायचं. हातपंप दूर असेल तर दोन-तीन खेपा. मग घरोघर जाऊन पोट्टे गोळा करायचे. तीन वर्षांचं पोरगं आपल्या पायानं अंगणवाडीत येत नाही, त्याला कडेवर आणावं लागतं, आणि एकाला आणलं की दुसरं रडतं. कुणी शी केली तर धुवायची. खिचडी बचत गटाकडून आली तर वाढायची, नाही आली तर गंज चुलीवर चढवून स्वतः शिजवायची. पोरांना भरवायचं, भांडी घासायची, पोरांना परत घरी सोडायचं. लसीकरणाचा दिवस असेल तर आयांना बोलावून आणायचं, आणि गावात प्रत्येक आई दोनदा बोलावल्याशिवाय येत नाही. वजनाच्या दिवशी लोंबत्या काट्याच्या झोळीत एकेक लेकरू घालायचं. नवतपात, पत्र्याच्या खोलीत, पंखा नसताना. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या खोलीत दहा मिनिटं बसून मी बाहेर यायचे आणि झाडाखाली रजिस्टर तपासायचे. ती आतच असायची.

७,५०० भागिले २६. रोजाचे २८८ रुपये. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये आहे. म्हणजे सरकारनंच ठरवलेल्या माती खोदण्याच्या मजुरीपेक्षा सरकारचंच लेकरू सांभाळण्याची मजुरी कमी. माती खोदण्याला मी हलकं म्हणत नाही, बिलकुल नाही. पण मग ही ताई रोजगार हमीवर का जात नाही? मी विचारलं होतं एकदा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मॅडमला काही समजत नाही. "जी, पोट्टे कोणाजवळ ठेवीन?" तिला स्वतःचं मूल नव्हतं. ती अंगणवाडीतल्या पोरांबद्दल बोलत होती.

लगेच सांगते, सगळ्या अशा नव्हत्या. माझ्या बीटमध्ये केंद्र बंद ठेवून शेतावर जाणाऱ्या होत्या, हजेरीपटावर चाळीस मुलं लिहून समोर बारा बसवणाऱ्या होत्या. त्यांना मी कारणे दाखवा नोटिसा दिल्यात, एकीचं तर प्रकरण वरपर्यंत गेलं. पण कामचुकार माणसं आमच्या जिल्हा परिषदेच्या इमारतीत नव्हती काय? त्यांचा महागाई भत्ता कुणी थांबवला होता? चांगलं काम करणाऱ्यालाच पोटापुरतं द्यायचं, हा नियम फक्त खालच्यांनाच का लागतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पैसे वेळेवर का येत नाहीत, हे मात्र मी सांगू शकते. या योजनेतला पैसा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यांतून येतो: केंद्र हिस्सा वेगळा, राज्य हिस्सा वेगळा, राज्यानं वरून दिलेली वाढ आणखी वेगळी. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसा आला असं नाही. ती बीम्सवर, म्हणजे राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसावी लागते, मग वितरणाचा आदेश, मग जिल्हा, मग प्रकल्प, मग देयक, मग कोषागार. केंद्राचा पुढचा हप्ता हवा तर मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जायला हवं. राज्यातल्या एखाद्या जिल्ह्याचा हिशेब अडकला की सगळ्यांचं अडकतं. वर्षाच्या सुरुवातीला पैसा नसतो, मार्चमध्ये एकदम येतो, आणि ३१ तारखेच्या रात्री खर्ची पडला नाही तर तो समर्पित करावा लागतो. एकीकडे निधी परत जातोय आणि दुसरीकडे बायांना दोन महिन्यांचं मानधन नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणी खाल्ला म्हणून नव्हे. ज्या शीर्षात पैसा होता त्या शीर्षात मानधन बसत नव्हतं.

आमचा पगारही त्याच कोषागारातून निघायचा. पण तो आस्थापनेच्या शीर्षात असायचा आणि त्याला कुणी हात लावायची हिंमत करायचं नाही. एक तारीख चुकून पाच झाली तर आमची संघटना लगेच निवेदन घेऊन पोहोचायची.

मानधन लांबलं की बाया मला फोन करायच्या. वरच्या साहेबांना करायची भीती, म्हणून मला. "मॅडम, काही समजलं का जी? दोन महिने होऊन राहिले." मी म्हणायचे, आलंय, बिल लावलंय, होईल या आठवड्यात. कधी खरंच लावलेलं असायचं. एका सेविकेनं अंगणवाडीच्या गॅस सिलिंडरचे पैसे स्वतः भरले होते, वाण्याकडे उधारी अंगणवाडीच्या नावावर होती आणि वाणी तिच्या नवऱ्याला चौकात टोकायचा. पोषण आहाराचा दर एका मुलामागे दिवसाला ८ रुपये, हा २०१७ साली ठरलेला. तीव्र कुपोषित मुलासाठी १२, गरोदर आणि स्तनदा मातेसाठी साडेनऊ. आठ रुपयांत तर्री पोह्याच्या गाडीवर तर्रीसुद्धा कुणी वाढणार नाही.

काम वाढलं ते वेगळंच. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. सरकारनं दिलेले मोबाइल इतके मंद की बायांनी त्या वर्षी ते गोळा करून सरकारला परत नेऊन दिले; राज्यभर मोबाइल वापसीचं आंदोलन झालं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर लाभार्थी आईचा चेहरा मोबाइलवर जुळवावा लागतो. कल्पना वाईट नाही. माझ्या काळात बोगस नावं होती, ती यानं कमी होतील. पण विटाभट्टीवर गेलेली आई संध्याकाळी येते, नोंदणीचा ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर जातो, नवरा हैदराबादला, आणि सेविका त्या घरासमोर उभी. हा वेळ कुणाच्या तासांत मोजायचा? शिवाय मतदार यादीचं काम, कुठलंही सर्वेक्षण, आणि २०२४ मध्ये लाडकी बहीण. त्या जुलै-ऑगस्टमध्ये अंगणवाड्यांसमोर रांगा होत्या. अर्जामागे ५० रुपये ठरले होते. माझ्या ओळखीच्या एका सेविकेनं रात्री दोनपर्यंत बसून अर्ज भरले, कारण सर्व्हर तेव्हाच चालायचा. पैसे यायला पुष्कळ दिवस गेले. नंतर ज्या बायांच्या घरी चारचाकी आहे त्या शोधायचं कामही सेविकांकडेच. ज्या शेजारणीचा अर्ज तिनं भरला, तिच्याच अंगणात जाऊन गाडी कुणाची म्हणून विचारायचं. गावात राहायचं असतं हो तिला. स्थानिक रहिवासी असणं ही नेमणुकीची अटच आहे, बदली मागायचीही सोय नाही.

लाडकी बहीणला माझा विरोध नाही. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या ताईला त्या दीड हजारानं आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता चष्मा करता आला. पण आता पैसाच नाही हे कारण कुणी मला देऊ नये. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात त्या योजनेसाठी ३६,००० कोटी ठेवले होते. राज्यात अंगणवाड्या एक लाख दहा हजारांच्या आसपास. प्रत्येक सेविकेला महिना ५,००० आणि मदतनीसला ३,००० जास्तीचे द्यायचे ठरवले, तर माझ्या हिशेबानं वर्षाला हजार-अकराशे कोटी लागतात. ३६,००० मधले हजार. तिकडे केंद्रात सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.० ची (अंगणवाड्यांची योजना आता याच नावाखाली चालते) तरतूद २०२१-२२ ला २०,१०५ कोटी होती, २०२५-२६ ला २१,९६०. चार वर्षांत नऊ टक्के. महागाईनंच ते गिळलं.

न्यायालयांत मात्र गोष्ट पुढे सरकलीय. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकच्या अमीरबी प्रकरणात म्हटलं होतं की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी पद नाही. सोळा वर्षं प्रत्येक फाइलवर तोच निकाल चिकटवून उत्तर द्यायचे. मग २५ एप्रिल २०२२ ला त्याच न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं गुजरातमधल्या मणीबेन भारिया यांच्या प्रकरणात सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचं सांगितलं. हे काम अर्धवेळ आहे हा युक्तिवाद न्या. ओकांनी मानला नाही. अन्नसुरक्षा कायदा आणि शिक्षण हक्क कायदा या दोन्हींमुळे अंगणवाडीवर कायद्यानंच जबाबदाऱ्या आल्या आहेत, असंही त्यांनी दाखवलं. काकूंना मी हा निकाल मराठीत सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "जज साहेबांना काय जातं बोलायला." हेही खरंच. पुढे गुजरात उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सेविकेला किमान २४,८०० आणि मदतनीसला २०,३०० द्यायला सांगितलं. संघटना कितीतरी वर्षं २६,००० मागताहेत आणि त्यांना अवास्तव म्हणून हसलं जायचं.

मी नोकरीत असताना सेविका निवृत्त झाली की एकरकमी एक लाख आणि मदतनीसला पाऊण लाख, असं होतं. कार्यालयात छोटासा समारंभ, शाल, नारळ, आलू-पोहे. ग्रॅच्युइटीच्या सूत्रानं धरलं, शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, तर १३,००० वर तीस वर्षं काम केलेल्या सेविकेचे २ लाख २५ हजार होतात. तेही फार नाहीत. माझ्या निवृत्तीला जे मिळालं तो आकडा मी इथं लिहिणार नाही, माझ्या जुन्या सेविका हे वाचतात.

हेच अत्याचारग्रस्त बायांसाठीच्या सखी केंद्रातल्या समुपदेशक मुलींचं, आशांचं आणि गटप्रवर्तकांचं, अनुदानावर चालणाऱ्या निवासी शाळांतल्या काळजीवाहकांचं. प्रत्येकाची योजना वेगळी, शीर्ष वेगळं, बादली तीच. त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, त्यातल्या काही जणींशी बोलणं सुरू आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ ला संपतो आणि पोषण २.० ची मंजुरीही त्याच मुदतीपर्यंतची आहे. म्हणजे पुढच्या पाच वर्षांचे दर ठरण्याची हीच वेळ. माझं म्हणणं एवढंच आहे की यावेळी आकडा मागू नका, नियम मागा. ४,५०० चे ६,५०० करून घेतलेत तर २०३१ मध्ये पुन्हा टेकडी रोडवर बसाल. मानधनाला महागाई भत्ता जोडून घ्या, मग तो कमी टक्क्यानं का असेना. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं या सगळ्या योजना-कर्मचाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या अशी शिफारस केली होती. सरकार, मालक आणि कामगार तिघंही त्या परिषदेत असतात. नव्यानं कुणाला पटवायचं राहिलेलं नाही. संघटनेच्या एका बाईंना मी हे बोलले तर त्या हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, आकड्यावर बाया मोर्च्याले येते. नियमावर कोण येईन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

सध्या मी एका सेविकेचे कागद लावून देतेय. माझ्या बीटमधली, पुढच्या वर्षी ६५ पूर्ण होतात. ग्रॅच्युइटीचा अर्ज करायचा तर सलग नोकरी दाखवावी लागणार, आणि तिचा नेमणूक आदेश नव्वदच्या दशकातला, सायक्लोस्टाइल केलेला, अक्षरं उडालेली. कार्यालयानं जुनी कपाटं हलवली तेव्हाच्या फाइली कुठं गेल्या हे तिथं कुणाला माहीत नाही. म्हणून ज्या कुणी हे वाचताय आणि अजून नोकरीत आहात त्यांच्यासाठी: नेमणूक आदेशाची प्रत आजच काढा आणि साक्षांकित करून ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, त्यावर पुढे शिक्का मारता येत नाही. मानधन रोखीनं मिळायचं त्या वर्षांच्या पावत्या असतील तर त्या, नसतील तर तेव्हाचे हजेरीपट, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, ग्रामसभेच्या ठरावात नाव आलं असेल तर त्याची नक्कल. बँकेचं सगळ्यात जुनं पासबुक फेकू नका. मुख्यसेविकेच्या भेटीचं रजिस्टर मिळालं तर फारच उत्तम. त्यात तारीख, तुमचं नाव आणि आमची सही, तिन्ही असतात. माझ्या सह्या ओळखायच्या असतील तर मला फोन करा, मी येईन.